खिशातलं गाव: बोट, डोंगी आणि पांदण (प्रकल्प नोंदी)

१२ जानेवारी २०२५, रविवार

सुरुवात भांडणापासून झाली म्हणून तेच आधी लिहून ठेवतो. माय संक्रांतीचे तीळ निवडत होती, बाबूजी खाटेवर, आणि भाच्यानं मोबाइलवर सॅटेलाइटचा नकाशा उघडून जुनं गाव शोधायला घेतलं. आता तिथं दिसते काय, नुसतं निळं पाणी. मग या पठ्ठ्यानं माझ्या सेतू केंद्रातल्या स्कॅनरवर जुना गाव नकाशा टाकला आणि तो त्या निळ्या पाण्यावर चढवला आणि बोट ठेवून म्हणाला, "आबाजी, ही पाहा आपली गावविहीर." बाबूजीनं चष्मा लावला, पाहिलं, आणि म्हणाले, "नाही गा. थे तं नाल्याच्या अंगानं होती." भाचा म्हणे नकाशात तर इथंच आहे. बाबूजी उठूनच बसले. "कागद सांगते का मले? चाळीस वर्सं पाणी वाह्यलं म्या त्या विहिरीचं."

दोघांच्या जागेत मोजलं तर साठ-सत्तर मीटरचा फरक. कोण खरं ते पाहायचं तर जाऊनच पाहा लागते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आमचं गाव कुही तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं, गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलेलं. धरण खाली पवनीच्या अंगानं आहे, ३३ दरवाजांचं, पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हातानं झाली, तेव्हा मी जन्मलो पण नव्हतो. पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर, हा आकडा आमच्याकडं लहान पोराला पण पाठ आहे कारण कोणाचं घर जाते आणि कोणाचं वाचते ते त्याच आकड्यावर ठरलं. नवं गावठाण मिळालं, १८ नागरी सुविधांची यादी पण मिळाली. सुविधांचं बोलत नाही.

जिथं आमचा नाला नदीला मिळायचा तिथं आता पाणी दोन टेकड्यांच्या मधात आत घुसलंय, तोंड अरुंद आणि आत पसरट. आम्ही दोस्तलोक त्याला खिसा म्हणतो. दिसायला लय भारी जागा आहे, खरंच, नागपूरचे लोक ड्रोन घेऊन येतात, रील बनवतात, खाली काही "मिनी कोकण" असं लिहितात. गाव त्या खिशाच्या तळाशी.

प्लॅन असा ठरला: तोंडापर्यंत इंजिनची बोट, आत लहान डिंगी, आणि टेकडीवर पायी, जुन्या पांदणीनं. घरात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहेच, म्हटलं आता प्रकल्प पण आपलाच करू.

१९ जानेवारी

डिंगी विकत घ्यायची तर परवडत नाही, बनवायची ठरली. आठ फूट लांब, प्लायची, टाके घालून शिवायची आणि वरून रेझिन. व्हिडिओ पाहून पाहून डोळे गेले. मिस्त्री (माझा दोस्त, दारं-खिडक्या बनवतो, बोट आयुष्यात बनवली नाही) म्हणाला दोन शीट पुरतात. जवळच्या एका दुकानातून सहा एमएमच्या दोन शीट आणल्या, मरीन म्हणून.

२१ जानेवारी

मिस्त्रीला शंका होती. त्यानं शीटचा कोपरा कापला आणि म्हणाला शिजव. खऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असतो आणि त्या दर्जाचा तुकडा ७२ तास उकळला तरी थर सुटले नाही पाहिजेत. आमच्या शीटवर शिक्का होता पण पुसट, शाई अशी की बोटाला लागत होती. मायनं अंगणातल्या चुलीवर गंजात पाणी ठेवलं आणि त्यात तुकडा टाकला. शेजारची काकू विचारून गेली काय रांधून राह्यली. चार तासात थर सुटले, पानासारखे अलग अलग, आणि पाण्याला चहासारखा रंग.

दुकानदार म्हणतो उकळायला कोणी सांगितलं होतं.

पैसे अर्धेच परत. नागपूरहून दुसऱ्या आणल्या, एक शीट तीन हजाराच्या वर गेली. हिचा पण तुकडा शिजवला, तीन दिवस नाही, गॅस-लाकूड काय फुकट आहे का, पण एक रात्र आणि अर्धा दिवस. काही झालं नाही तिला.

२ फेब्रुवारी

शिवणकाम झालं. फळ्यांच्या कडेला दर सहा इंचावर भोक, त्यातून तांब्याची तार ओवून पिळायची, की बोट आपोआप आकार घेते, सपाट पडलेल्या चार फळ्या उभ्या राहून एकदम नाव दिसायला लागते, तो क्षण पाहण्यासारखा होता. तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून भंगारच्या भावात. पत्रावळीला काड्या टोचतात ना तसंच काम आहे, मायला पाहताक्षणी समजलं, भाच्याला दोन दिवस लागले.

रेझिनचा किस्सा लिहायलाच पाहिजे. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की ते आतून तापते. वाटीभर केलं तर काही नाही. आपण हुशार, वेळ वाचवायला श्रीखंडाचा किलोचा डबा भरून मिसळलं. दहा मिनिटात डबा हाताला चटका देऊ लागला, मग धूर, मग डबा वाकला आणि बसला खाली. माय ओरडली आग लागली म्हणून, शेजारचे दोघं बादली घेऊन आले. आता शिकलो की थोडंथोडं मिसळायचं आणि पसरट ताटात ओतायचं म्हणजे उष्णता निघून जाते. त्या डब्याचा दगड झालाय. फेकला नाही, डिंगीचा लंगर तोच करणार.

सांध्यांना रेझिनमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरलं, वरून काचकापडाची पट्टी. बाबूजी रोज सकाळी येऊन टिचकी मारून पाहतात. ते तिला डोंगी म्हणतात. आमच्याकडं धीवरांचा डोंगा असते, ही त्याची लेक.

१६ फेब्रुवारी

पहिलं पाणी आमच्या नव्या गावठाणाजवळच्या मामा तलावात दाखवलं. बाहेरच्या लोकांना वाटते कोणाच्या मामाचा तलाव. माजी मालगुजारी, म्हणून मामा. जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळातले तलाव, पुढं १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडं आले, नाव तेवढं राहिलं. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले कितीतरी, आणि त्या पाळी पाहिल्या की वाटते लेव्हल कोणत्या मशीननं काढली असेल यायनं.

पाण्यात बसली मस्त. दोघं बसलो तर कडा पाण्याच्या वर वीतभर. मागच्या फळीच्या डाव्या सांध्यातून झिरपते, अर्ध्या तासात एक मग पाणी. उभं राहिलं की डुलते, म्हणून नियम केला की कोणी उभं राहायचं नाही, आणि नियम केल्यावर दोन मिनिटात भाचा उभा राहिला आणि पडला. पाणी कमरेएवढं होतं म्हणून हसलो.

घरी येऊन बसायच्या फळीखाली कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या ठोकून बसवल्या, झाकणं घट्ट लावून, एकूण तीस. एक बाटली दोन किलोच्या आसपास उचलते, म्हणजे साठ किलो, डिंगी पाण्यानं भरली तरी बुडणार नाही. लाइफ जॅकेट दोन घेतले. त्याच्यात काटकसर नाही, बाबूजीनं आधीच सांगून टाकलं होतं की जॅकेट नाही तर प्रकल्प बंद.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज काम नाही, आंभोऱ्याला जत्रा. चैतन्येश्वराचं दर्शन घेतलं. वैनगंगा, कन्हान, आंब, मुरझा, कोलारी असा पाच नद्यांचा संगम तो, आता धरणाच्या फुगवट्यानं सगळं एकच पाणी, कोणती नदी कुठून आली ते सांगायला म्हातारा माणूस लागतो. मुकुंदराजांनी इथंच बसून विवेकसिंधू ग्रंथ लिहिला असं आमच्याकडं मानतात. आंबेजोगाईवाले मानत नाहीत, आणि तो वाद आपल्या विहिरीच्या वादापेक्षा जुना आहे.

नवीन पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. २०२४ च्या सुरवातीला चालू झाला, तारांवर लटकलेला, उंच खांबावर गॅलरी. पूल व्हायच्या आधी इथून पलीकडं भंडाऱ्याच्या अंगाला लोक नावेनं जायचे, मोटरसायकल सुद्धा नावेत चढवून. एका नावाड्याशी बोललो, धीवर समाजाचे, बाबूजींच्या ओळखीचे निघाले, त्यांना काकाजी म्हणतो. त्यांना विचारलं पूल झाला तर बरं झालं ना. म्हणाले, "लोकायसाठी बरंच झालं ना बापा. दवाखान्यात न्याले किती सोपं." थोडं थांबून, "आता फोटो काढणारे येतेत. थे उतरत नाही पलीकडे, तिथंच गोल फिरवा म्हणतेत."

रविवारी बोट न्यायला तयार झाले. डिझेल आमचं.

९ मार्च

पहिली फेरी. सकाळी साडेसहाला निघालो, मी, भाचा, मिस्त्री, काकाजी. डिंगी मागं दोरीनं बांधलेली, बदकाच्या पिल्लासारखी. पाणी आरसा होतं. पट्टकादंब हंसांचा एक थवा अजून होता, पन्नासेक असतील, डोक्यावर दोन काळे पट्टे, हिमालय ओलांडून जाणारा हाच तो पक्षी. इंजिनच्या आवाजानं उठले आणि सरळ पुलाच्या अंगानं गेले.

खिशाच्या तोंडाशी काकाजीनं इंजिन बंद केलं. आत जलपर्णीचा गालिचा, पंख्यात अडकली की संपलं. वरून हिरवी, फुलं जांभळी, फोटोत सुंदर येते. ती का इतकी माजते ते पण सांगून ठेवतो: नागपूरचं सांडपाणी नाग नदीत, नाग नदी कन्हानला, कन्हान इथं वैनगंगेला. वाहतं होतं तोवर पुढं जायचं, आता अडलं. उन्हाळ्यात काठाला जो वास येते तो रीलमध्ये येत नाही.

डिंगीत मी आणि भाचा उतरलो. वल्ह्यानं जलपर्णी फाडत पन्नास-साठ मीटर गेलो की आत एकदम मोकळं पाणी. शांतता अशी की वल्ह्यावरून पडणारे थेंब ऐकू येत होते. वाळलेली झाडं पाण्यातून उभी, प्रत्येकावर पाणकावळे, पंख सुकवायला पसरून. बाभळी ओळखू आल्या. ही आमच्या धुऱ्यावरची असेल का ती, असं डोक्यात चालू होतं तर डिंगीखाली खर्र आवाज झाला. बुंधा, पाण्याखाली एक वीत. पातळ प्लायला ओरखडा, छेद नाही. नशीब.

तिथून पुढं भाचा समोर पालथा पडून पाण्यात पाहत राहिला आणि मी हळू वल्हवलं. काकाजी बोटीवरून ओरडून सांगत होते कुठं जाळं लावलंय, कोणत्या बांबूच्या डावीकडून जायचं. जाळ्याच्या वरून जायचं नाही, ते मासेमारी संस्थेच्या लोकांचं आहे, एक जाळं फाटलं तर त्याचा आठवडा गेला.

आज मोजमाप काही केलं नाही. नुसतं पाहिलं.

१६ मार्च

पायी. होळी झाली, अंगाचा रंग गेला नाही अजून.

नव्या गावठाणाकडून टेकडीच्या मागून चढलो आणि पलीकडं खिशाकडं उतरलो. जुन्या निस्तार पत्रकात (गावकऱ्यांच्या वहिवाटीच्या हक्कांची सरकारी नोंद) ही वाट आहे, गावापासून टेकडीवरच्या माताबाईपर्यंत बैलबंडीची पांदण म्हणून. पाण्याच्या वर तिचा तुकडा एक-सव्वा किलोमीटर उरलाय. दोन्ही बाजूचे पळस पेटलेले, खाली केशरी सडा. मोह पडायला लागलाय, पहाटे आलेल्या बाया टोपल्या घेऊन परत चालल्या होत्या. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात म्हणजे फुलं वेचता येतात, पण एखाद्या वर्षी ती आग पूर्ण टेकडीवर चढते, यंदा नाही चढली.

एकटं जायचं नाही इकडं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य लांब नाही, वाघ पाणी पोहून येतो हे काकाजीनं स्वतः पाहिलंय. जय वाघ याच जंगलांचा, २०१६ ला दिसेनासा झाला तो झालाच. आम्हाला अस्वलाची विष्ठा दिसली, मोहाच्या दिवसात ते पण याच फुलांवर असते. तिघं होतो, काठी आणि मिस्त्रीचा गळा. तो रस्ताभर गाणं म्हणत होता, अस्वल काय कोणीच थांबलं नसतं.

माताबाईच्या चौथऱ्यावरून खिसा पूर्ण दिसतो. इथून भाच्यानं मोबाइलवर दिशा घेतल्या. मागं पुलाचा खांब, समोर बेहड्याचं मोठं झाड, दोन्ही एका रेषेत धरले तर ती रेष कुठून जाते ते पाहिलं, अशाच दोन रेषा घेतल्या की पाण्यावर जागा पक्की होते, जीपीएस नसलं तरी. काकाजीला हे सांगितलं तर हसले, "आमी कायचं जाळं सोडतो मंग? असंच तं पाहतो."

मग उतरलो. पांदण उतरत जाते, दोन्ही बाजूला कुंपणाचे दगड, चाकोऱ्या अजून दिसतात, आणि मग ती तशीच पाण्यात शिरते. वळत नाही, संपत नाही, शिरते. पाण्याखाली दोन-तीन हात तिचा उतार दिसतो, मग हिरवट अंधार. मिस्त्रीनं गाणं बंद केलं. त्याचं पण घर तिकडंच होतं, हे मी विसरलो होतो.

२३ मार्च

सांध्याची गळती. पुन्हा पट्टी लावली. वाटीभरच मिसळलं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून दहा वाजता निघालो, उशीर झाला, तरी काम झालं.

खोली मोजायची आमची सोय: किराणा दुकानातलं जुनं एक किलोचं लोखंडी माप, त्याला नायलॉनची दोरी, दर फुटाला गाठ आणि दर पाच फुटाला लाल चिंधी. मापाच्या बुडाशी खोलगट भाग असते, त्यात बेअरिंगचं ग्रीस थापलं. ही अक्कल आमची नाही, जुने खलाशी शिशाच्या वजनाला खाली चरबी लावायचे, तळाला टेकलं की तिथली माती, वाळू, शिंपल्याचा चुरा जे असेल ते चिकटून वर येते आणि न पाहता समजते खाली काय आहे.

भाचा वल्ह्यावर, मी दोरीवर, मांडीवर वही. पहिल्या सात-आठ ठिकाणी काळा गाळ. लोण्यासारखा, वास मारणारा. खोली आठ फूट, नऊ, नऊ, अकरा. मग भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे जिथं विहीर तिथं गेलो. दहा फूट. दोन हात सरकून दहा. पुन्हा दहा. गाळ, गाळ, आणि एकदा माप वाजलं, गाळात बुडतं तसं नाही, टणक. वर ओढलं तर ग्रीसला लाल चुरा, विटेचा, आणि एक पांढरा कण. बोटावर घेऊन चोळला, चुना.

भाचा म्हणे विहिरीचा कठडा. मी म्हणलो आपल्या विहिरीला कठडा दगडाचा होता एवढं मला पण आठवते.

चुना-विटा लावलेली गावात दोनच बांधकामं, शाळा आणि एका पाटलाचा वाडा. घरी येऊन बाबूजींना तो कण कागदाच्या पुडीत बांधून दाखवला. त्यांनी पुडी उघडली, पाहिलं, पुन्हा बांधली आणि खिशात ठेवली. "शाळा," एवढंच म्हणाले. "विहीर शाळेच्या मागं होती का गा? शाळेच्या मागं तं हागणदारी होती."

१३ एप्रिल

काठ बराच मागं सरकलाय. उघड्या पडलेल्या गाळावर लोकांनी गाळपेर केली आहे, काकडी, टरबूज, कुठं धान पण. पूर्वी नदीच्या वाळूत धीवरांच्या डांगरवाड्या असायच्या, वाळू गेली पाण्याखाली, त्याच्यासंगं ते गोड डांगरू पण गेलं. काकाजींचा तो विषय निघाला की बोट हळू होते.

आज चूक माझी. बाबूजींनी सांगितलेल्या जागेकडं जायचं म्हणून अकरा वाजता पण आत थांबलो. एप्रिलमध्ये दुपारी वारा उठते हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पश्चिमेकडं आभाळ काळं झालं, आणि दहा मिनिटात वावधन. खिशाच्या आत लाट लहान होती कारण वाऱ्याला धावायला जागा नाही, पण तोंडाशी आलो तर समोर अख्खी वैनगंगा मोकळी, लांबून ओढत आणलेल्या लाटा, छातीएवढ्या नसतील, पण आठ फुटाच्या डिंगीला गुडघ्याएवढी पण पुरते. दोन लाटा आत आल्या. पाणी घोट्याच्या वर. काकाजी बोट आणू शकत नव्हते, जलपर्णी वाऱ्यानं तोंडात गोळा झालेली.

तर उलटं वळलो, वाऱ्याला पाठ दिली आणि डिंगी सरळ पांदणीवर चढवली. जी वाट पाण्यात शिरते म्हणून मागच्या वेळी घसा दाटला होता तिच्यावरच उतरलो, पक्का दगडी उतार, घाटासारखा. गारा पण पडल्या. डिंगी उलटी करून तिच्याखाली दोघं बसलो, प्लायवर गारांचा ताशा. भाचा म्हणे मामा, शिजवून घेतली ते बरं झालं.

काकाजी वारा पडल्यावर आले. शिव्या दिल्या नाहीत. बोटीत बसल्यावर म्हणाले, "पाण्याले घाई नसते. तुले काहून आहे?" मला वाटते शिव्याच बऱ्या.

यापुढं नऊच्या आत पाण्याबाहेर. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

बाबूजी सोबत येतो म्हणाले. आज पितरांचा दिवस, मायनं पहाटेच घागर पुजली होती. त्यांना बोटीत बसवलं, डिंगीत घ्यायचं नव्हतं, पण खिशाच्या तोंडाशी पोचल्यावर ते काही न विचारता डिंगीत उतरून बसले, जॅकेट आधीच घातलेलं. भाचा बोटीत राहिला. मी वल्ह्यावर.

मी मोबाइल काढला तर म्हणाले ठेव थो. टेकडीवरच्या माताबाईकडं पाहिलं, मग नाल्याच्या खाचेकडं. "डावीकडे घे. अजून. अजून. थांब, जास्त झालं." पाण्यात हात घालून बसले होते, जसं काही पाण्याला विचारून राहिले. मग म्हणाले, टाक.

आठ फूट, गाळ. तीन हात पुढं टाकलं, आठ, आणि दगड. ग्रीसवर काही नाही, फक्त घासल्याची खूण. अजून एक हात.

दोरी गेली. आठची गाठ गेली, दहाची चिंधी गेली, पंधरा, हातातून सरसर, मला वाटलं माप सुटलं दोरीतून. वीसची चिंधी पण गेली. तेवीसवर मऊ टेकलं.

मी बाबूजींकडं पाहिलं नाही, दोरीकडंच पाहत होतो. बाबूजी म्हणाले, "पन्नास फुटाची होती. गाळ भरला."

चारही बाजूंनी टाकून पाहिलं. एका अंगाला आठ, दुसऱ्याला आठ, मधात खोल, बारा-तेरा फुटाचा गोल. दोन्ही रेषा घेतल्या, वहीत मांडल्या. मग मायनं दिलेली पुडी सोडली त्यांनी, भात, वडा, थोडी साखर, काही बोलले नाहीत, मीही नाही. एक मासा लगेच वर आला आणि घेऊन गेला. बाबूजी म्हणाले मरळ आहे.

येताना भाच्याला म्हणाले, "तुया कागदात चूक नाही गा. कागदातली विहीर जुनी. थे माया बापाच्या वेळंसच बुजवली, तिच्यावर शाळेची भिंत आली. हे दुसरी." हे त्यांना जानेवारीत आठवलं नाही का, की आठवून सांगितलं नाही, मला अजून समजलं नाही.

११ मे

नकाशा काढायला घेतला. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलनं आधी. खिशाचा काठ तीन पातळ्यांचा, पांदण, माताबाई, शाळा, विहीर, बाभळीची रांग, जाळ्यांचे बांबू, आणि पाण्याखालचा तो बुंधा ज्यानं ओरखडा काढला. एकूण चौऱ्याण्णव ठिकाणची खोली. मिस्त्री आला, बराच वेळ पाहत बसला, आणि मग बोटानं एका रिकाम्या जागेवर टेकवून म्हणाला इथं टाकलं का माप? नाही टाकलं. "आमचं घर असल इथं कुठं," म्हणे. बाबूजी म्हणाले दोन बोटं वर, कोंडवाड्याला लागून.

पाणी अजून उतरेल असं काकाजी म्हणतात, जूनच्या पहिल्या पावसाआधी दोन रविवार मिळतील. डाव्या सांध्याची गळती पुन्हा सुरू आहे, पट्टी काढून पूर्ण नवीन लावावी लागल. रेझिन संपलंय. दोरीच्या गाठी वीसच्या पुढं सरकल्या आहेत, पुन्हा मोजून बांधायच्या. मिस्त्री रविवारी जॅकेट त्याचं स्वतःचं आणतो म्हणाला.